कान लागला का?

परवा रात्री पुण्याहून धाकट्या लेकीचा फोन आला. एरवी तिचा फोन म्हणजे नातवाच्या उचापतींची यादी असते. या वेळी आवाज जरा वेगळा होता. "आई, नर्सरीचा फॉर्म आणलाय. घालू का गं याला यंदा?"

नातू २०२३ च्या डिसेंबरातला. आपल्या राज्यात शाळाप्रवेशासाठी वय मोजायची तारीख २०२० साली ३१ डिसेंबर अशी झाली. म्हणजे येत्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला तीन वर्षं पूर्ण होणार असतील, तर त्याला जूनमध्येच नर्सरीत बसता येतं. आमच्या चिरंजीवांना डिसेंबरात तीन पूर्ण होतील. पण शाळा जूनमध्ये सुरू होणार, आणि तेव्हा ते असतील अडीच वर्षांचे. कागदावर तीन, अंगावर अडीच. नियमात बसतंय, पण लेकीच्या मनात बसत नाही. शाळेत सांगितलं, "जागा आत्ता आहे, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही." जावई म्हणतात घालून टाकू. तिच्या सासूबाई म्हणतात लेकरू लहान आहे. आणि लेक म्हणते, "तू पस्तीस वर्षं शाळेत काढलीस, तूच सांग."

मी उत्तर देणार, तोच तिने पुढचा प्रश्न टाकला. "बरं, तू मला कितव्या वर्षी घातलं होतंस?"

मी म्हटलं, "रविवारी सांगते." आणि फोन ठेवला. तारीख आठवत नव्हती म्हणून नव्हे. चांगली आठवत होती...

मग चार दिवस डोक्यात हेच. कपाटातली जुनी पुस्तकं काढली, वह्या चाळल्या. मुलाने शाळेत कधी जायचं हे आजवर कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, याचा माग काढत बसले. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहून ठेवते आहे. रविवारच्या फोनची तयारीच म्हणा ना.

सुरुवात माझ्यापासूनच करते. १९५७ चा जून. आमचं गाव पैठण तालुक्यातलं. आदल्या वर्षी नोव्हेंबरात हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला होता. पण गावातल्या शाळेला त्याचं काही नव्हतं. मारुतीच्या देवळाशेजारची एक खोली आणि एक गुरुजी. थोरला भाऊ आधीच शाळेत जायचा. आई शेतात जायची. मला सांभाळायला घरात कुणी नव्हतं. म्हणून आईने एक दिवस भावाच्या हातात माझा हात दिला आणि म्हणाली, "हिला बी घिऊन जा."

तेव्हा शाळेत घालायची परीक्षा एकच होती. आमच्या पिढीच्या सगळ्यांना ती ठाऊक आहे. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डाव्या कानाला लावायचा. कान हाताला लागला की मूल शाळेजोगं झालं. हसू नका, यात तथ्य आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि हात आखूड असतात. हळूहळू हातपाय लांब होतात आणि साधारण सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास हात पलीकडच्या कानापर्यंत पोचतो. जन्माचा दाखला नसलेल्या काळातली ही मोजपट्टी होती, आणि ती निदान मुलाच्या अंगावर होती!

माझा हात काही कानाला लागला नाही. टाळूच्या जरा पुढे जाऊन थांबला. गुरुजींनी भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "आई कुठंय?" भाऊ म्हणाला, "रानात." गुरुजींनी रजिस्टर उघडलं आणि माझी जन्मतारीख लिहिली, १ जून १९५१.

आई सांगायची, पहिल्या निवडणुकीचं मतदान झालं त्या साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी तू झालीस. म्हणजे १९५२ चा ऑगस्ट. मी पाच वर्षांचीसुद्धा नव्हते, कागदावर सहा पूर्ण झाले. १ जून ही तारीख काय एकट्या माझी आहे? महाराष्ट्रात माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, दर दोन-चार माणसांमागे एक १ जूनचा निघेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून गुरुजींच्या लेखणीतून सगळं गाव १ जूनला जन्माला यायचं. आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे ला राज्यभरात शिक्षकांचे निरोपसमारंभ होतात. मीही त्याच गर्दीत ३१ मे २००९ ला निवृत्त झाले, खऱ्या वयाच्या चौदा-पंधरा महिने आधी. गुरुजींनी एका सकाळी केलेल्या दयेची किंमत अशी पन्नास वर्षांनी चुकती झाली. पण माझी तक्रार नाही. त्या दिवशी त्यांनी मला परत पाठवलं असतं, तर मी बांधावर बसून दिवस काढला असता, आणि पुढच्या वर्षी आईला शाळेची आठवण राहिली असतीच असं नाही.

असो. सांगायचा मुद्दा हा की माझं 'शाळेचं योग्य वय' माझ्या वाढीवरून ठरलं नव्हतं. आई रानात होती यावरून ठरलं होतं. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती वारंवार भेटणार आहे.

त्याआधीच्या काळात काय होतं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजपुत्राच्या शिक्षणाचा क्रम दिला आहे. चौल म्हणजे जावळ काढण्याचा संस्कार झाला की लिपी आणि अंक शिकवावेत, आणि मुंजीनंतर बाकीच्या विद्या. चौल साधारण तिसऱ्या वर्षी. पुढे पाचव्या वर्षी अक्षरारंभ करायची रीत पडली. दसऱ्याला पाटीपूजन करून मुलाचा हात धरून तांदळात अक्षर काढायचं, हे आमच्या घरीही होतं. आणि या आमच्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जुन्या मोहल्ल्यांमध्ये शेजारच्या घरी वेगळा हिशोब चालायचा. मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की त्याची बिस्मिल्लाह. नवे कपडे, मिठाई, आणि मोठ्यांच्या मागोमाग पहिले शब्द म्हणायचे. तिथे चार-चार-चार, आमच्याकडे पाच. पण दोन्ही रीतींत एक गोष्ट सारखी होती. तो सोहळा एका दिवसाचा होता. दुसऱ्या दिवशी मूल परत अंगणात. रोज सकाळी दप्तर घेऊन तीन तास कुठे जाऊन बसायचं असा त्याचा अर्थ नव्हता.

पंतोजींच्या शाळेतही इयत्ता नव्हत्या आणि प्रवेशाची तारीख नव्हती. मूल आणून सोडलं की त्या दिवसापासून त्याची धूळपाटी सुरू. कुणी पाच वर्षांचा, कुणी आठ. ज्याला जमेल तसं तो मुळाक्षरं, पाढे, पावकी, निमकी करत पुढे सरकायचा. छड्या होत्या, मुली जवळजवळ नव्हत्या, गावकुसाबाहेरची मुलं नव्हती. त्या शाळेचे गोडवे मी गाणार नाही. पण 'हा वयाने मागे पडला' हे वाक्य तिथे कुणी म्हणू शकत नव्हतं, कारण सगळ्यांनी एकाच जूनमध्ये निघायचं आणि एकाच मार्चमध्ये पोचायचं असा नियमच नव्हता.

गंमत म्हणजे, आपल्या थोर लोकांनी शिक्षणाच्या वयाबद्दल जे झगडे केले ते सगळे 'किती वर्षांपासून' यासाठी नव्हते, 'किती वर्षांपर्यंत' यासाठी होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा अशी मागणी होती. १९११ साली गोखल्यांनी कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरतं होतं. तेवढंही सरकारला आणि बड्या मंडळींना झेपलं नाही, १९१२ साली ते फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी मात्र कोल्हापुरात १९१७ साली सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून दाखवलं. आपली राज्यघटना आली तेव्हा ४५ व्या कलमात चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत असं लिहिलं गेलं. खालची मर्यादा त्यात नव्हतीच. ती आली २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने. शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा या वयाला मिळाला, आणि सहाच्या खालची लेकरं हक्कातून बाहेर राहिली. त्यांच्यासाठी राज्याने प्रयत्न करावा एवढंच कलम उरलं. हक्क नाही म्हटल्यावर तिथे बाजार बसणार हे उघड होतं.

मग ही लहान मुलांची शाळा निघाली कुठून? तिचं मूळ बघितलं की माझ्या आईची आठवण येते. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क नावाच्या गावी सूतगिरणी होती. तिथे रॉबर्ट ओवेन यांनी १८१६ साली शाळा उघडली, आणि तिच्यात अगदी चालायला लागलेल्या पोरांनाही घेतलं. आया गिरणीत, मुलं वाऱ्यावर, म्हणून. ओवेन मोठा शहाणा माणूस. एवढ्या पोरांना पुस्तकांचा त्रास द्यायचा नाही, नाचगाणं आणि मोकळी हवा द्यायची, असा त्यांचा दंडक होता. पुढे जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला लहानग्यांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला नाव दिलं किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. आपल्या 'केजी'तला के आणि जी तो हाच. (आता केजीत बाग सोडून सगळं असतं ते सोडा.)

इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने शाळेचं वय पाच धरलं. पाचच का, यावर तेव्हा फारशी चर्चाही झाली नाही. मूल लवकर सुरू झालं की लवकर संपवून कामाला मोकळं, हाही त्यात विचार होता. आज फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं आणि कुणाचं काही बिघडत नाही. म्हणजे पाच, सहा, सात यांपैकी कुठलाच आकडा देवाने पाठवलेला नाही.

आणि माँटेसरी! रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ ला डॉ. मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह सुरू झालं. आपल्याला वाटतं, काय थोर उद्देशाने ते निघालं असेल. तर तसं नव्हे. तिथल्या चाळी दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की पोरं दिवसभर जिने आणि भिंती खराब करायची. मालकांना रंगरंगोटीचा खर्च वाचवायचा होता, म्हणून त्यांनी एक खोली दिली. भिंती वाचवायला निघालेल्या त्या खोलीत माँटेसरीबाईंनी मुलं काय करतात हे डोळे उघडे ठेवून पाहिलं, आणि जगाला नवी दृष्टी मिळाली. खोलीचं कारण मोठ्यांच्या सोयीचं होतं, पण खोलीच्या आत मूल मोठं ठरलं.

आपल्याकडे हा विचार आला तो गुजरातमार्गे. भावनगरला गिजुभाई बधेका वकिली सोडून मुलांत रमले, आणि १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. आम्ही शिक्षकी पेशात आलो तेव्हा बालशिक्षण म्हणजे ताराबाई असं समीकरण होतं. अडीच-तीन ते सहा हे वय फुकट घालवायचं नाही, पण त्यात लिहिणं-वाचणं कोंबायचंही नाही, हे त्यांनी मराठी आईबापांना सांगितलं.

पण मला खऱ्या ताराबाई दिसतात त्या १९४५ नंतरच्या. पन्नाशी उलटलेली ही बाई मुंबईचं शिशुविहार सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेली. सोबत अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या, ताराबाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान. तिथे बालवाडी उघडली, तर आदिवासी पाड्यांवरची लेकरं येईनात. का येईनात? कुणाला शेरडं राखायची, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. मोठ्या बहिणीने शाळेत यावं तर धाकट्याला ठेवायचं कुठे?

इथे त्या दोघींनी जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडी मुलाच्या अंगणात नेली. पाड्यावर जायचं, मुलांना आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या, खडे-शिंपले-बिया मांडून मोजायचं. हीच अंगणवाडी. पुढे १९५० च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. बहीण वर्गात, मधला बालवाडीत, तान्हं पाळण्यात. विकासवाडी म्हणत त्याला. आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, ३३ ठिकाणी. आज देशभर जी अंगणवाडी दिसते, तिचं नाव आणि तिची कल्पना अशी ताराबाईंच्या पाड्यावरून आली.

त्यांनी आधी वय ठरवून मग मुलाला बोलावलं नाही. मूल ज्या वयाचं समोर आलं त्याप्रमाणे जागा बदलली. तान्हं आलं तर पाळणा, तीनचं आलं तर खडे-शिंपले, सहाचं आलं तर पाटी. आणि मुलाची आई किंवा बहीण कामावर आहे ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, तिची सोय केली.

आता शहराकडे या. आमच्या इथे चिकलठाण्याची एमआयडीसी झाली, सिडको-हडकोच्या वसाहती वसल्या, १९८० च्या दशकात वाळूजला कारखाने आले. गावाकडचे आजी-आजोबा गावाकडे राहिले. दोन खोल्यांच्या घरात नवरा-बायको आणि मूल. अनेक घरांत दोघंही कामावर. मग गल्लोगल्ली बालमंदिरं निघाली. गरज मूल सांभाळण्याची होती. पण 'मूल सांभाळायला ठेवतो' म्हणायला आईबापांना कमीपणा वाटायचा, आणि 'सांभाळते' म्हणून चालकांना पुरेशी फी मिळेना. मग त्या सांभाळण्याला शिक्षणाचं नाव दिलं गेलं. अडीच वर्षांच्या मुठीत पेन्सिल आली, गृहपाठ आला. पुढे मोठ्या शाळांनी आपल्याच नर्सऱ्या काढल्या आणि पहिलीचं दार तिथे नेऊन ठेवलं. पहिलीला जागा हवी तर नर्सरीत या. शर्यतीची दोरी अशी मागे मागे सरकत गेली.

शहाण्या माणसांनी सांगितलं नाही असं नाही. कोठारी आयोगाने १९६६ सालीच म्हटलं होतं की पहिलीत एरवी सहाच्या आत घेऊ नये. १९९३ साली यशपाल समितीने तर नर्सरीच्या प्रवेशचाचण्या आणि मुलाखती बंद करा, आणि या वयात औपचारिक लिहिणं-वाचणं लादू नका, असं स्पष्ट लिहिलं. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, त्यातली पहिली तीन वर्षं खेळातून शिकण्याची, आणि पहिली सहाव्या वर्षी. पण तारखेचं काय? आपल्या राज्यात २०१५ मध्ये वय ३१ जुलैला मोजायचं ठरलं. मग ३० सप्टेंबर झाली. मग ३१ डिसेंबर. दर वेळी काही मुलं 'बसत नाहीत' आणि पालक हळहळतात, म्हणून तारीख पुढे सरकली. मुलं तीच. जुलैत जे मूल लहान ठरत होतं, ते डिसेंबराच्या नियमाने मोठं ठरलं. आमच्या गुरुजींनी १ जून लिहिला, सरकारने ३१ डिसेंबर लिहिला. दोघांचाही हेतू चांगलाच. पण यातली कुठलीच तारीख मुलाच्या हाताची लांबी वाढवत नाही.

आणि हे मी वर्गात पाहिलं आहे. वर्षानुवर्षं पहिलीला शिकवलं. एका वर्गात अकरा-बारा महिन्यांच्या अंतराची मुलं बसतात. सहा वर्षांच्या आयुष्यात बारा महिने म्हणजे सहावा हिस्सा! धाकट्या टोकाची मुलं कात्रीशी झगडतात, ओळीत अक्षर मावत नाही, दुपारी डोळे मिटतात. त्यांना आपण 'मंद' किंवा 'चंचल' म्हणून मोकळे होतो. परदेशी अभ्यासांतही हेच दिसलं आहे, की वर्गातली वयाने सर्वांत लहान मुलं सुरुवातीला मागे राहतात आणि चंचलपणाचा शिक्का त्यांच्यावर जास्त बसतो. बऱ्याच जणांचं अंतर पुढे भरून निघतं. पण 'मला येत नाही' हे एकदा मनात बसलं की ते काढायला फार वेळ लागतो. मी स्वतः चौथीपर्यंत वर्गात सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत घाबरट होते. त्याचं कारण मला निवृत्तीच्या वेळी तारखा मोजताना उमगलं.

आता ते उत्तर, जे मी रविवारवर ढकललं होतं.

धाकटीला मी १९८९ च्या जूनमध्ये घातलं. ती ऑक्टोबर १९८६ ची. म्हणजे दोन वर्षं आठ महिने. थोरलीच्या वेळी सासूबाई घरी होत्या, ती चारची झाल्यावर खुशाल उड्या मारत गेली. धाकटीच्या वेळी सासूबाई नव्हत्या. माझी शाळा सकाळची, ह्यांची नोकरी दिवसभराची. जवळच्या गल्लीत एक बालमंदिर होतं. मी सगळ्यांना सांगितलं, पोरगी हुशार आहे, घरी कंटाळते, म्हणून घातली. सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं.

ती रडायची. सगळे म्हणाले, सवय होईल. महिन्याभराने रडणं थांबलं आणि मी सुटकेचा श्वास टाकला. एक दिवस आमच्या शाळेला अर्धी सुट्टी मिळाली, म्हणून मी लवकर तिला घ्यायला गेले. खिडकीतून पाहिलं. बाकीची मुलं पाटीवर काहीतरी गिरवत होती. ही दाराजवळ बसली होती, पाठीवर दप्तर तसंच. मी तिथल्या बाईंना विचारलं. त्या सहज म्हणाल्या, "ती रोज अशीच बसते. दप्तर काढत नाही. काढलं की राहावं लागेल असं वाटतं तिला."

रोज तीन तास. दोन वर्षं आठ महिन्यांचं लेकरू, पाठीवर दप्तर घेऊन, निघायच्या तयारीत. आणि मी तेवढ्याच वेळात लोकांच्या पंचावन्न मुलांना "शाळा किती छान असते" हे शिकवत होते.

मी तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. रजा नव्हती, दुसरी सोय नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. आज सदतीस वर्षांनी लिहिते आहे.

रविवारी फोनवर हे सगळं लेकीला सांगितलं. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मला काहीच आठवत नाही गं." आणि थोड्या वेळाने, "पण तू काय करणार होतीस? नोकरी सोडणार होतीस?"

नव्हते सोडणार. आणि सोडायला हवी होती असं मला आजही वाटत नाही. माझी आई रानात गेली नसती तर आम्ही खाल्लं काय असतं? मी चुकले ते तिला कुठेतरी ठेवलं यात नाही. मला हवं होतं पाळणाघर, आणि मी त्याला शाळा म्हटलं. शाळा म्हटलं की पाटी आली, रांग आली, 'सवय होईल' आलं. कोसबाडच्या टेकडीवर पाड्यावरच्या बायांसाठी जी सोय होती, ती शहरातल्या शिक्षिकांसाठी आमच्या कुठल्याच शाळेत नव्हती. आणि आम्ही ती मागितलीही नाही, कारण मुलाला सांभाळायला माणूस हवं हे कबूल करायची लाज वाटायची.

म्हणून लेकीला म्हटलं, "तुला ऑफिस आहे. त्याला दिवसाचे काही तास कुणीतरी मायेने सांभाळायला हवं आहे. हे सरळ म्हण. त्यासाठी चांगलं पाळणाघर बघ, जिथे माती असेल, पाणी असेल, झोपायला चटई असेल आणि पेन्सिल नसेल. दोन दिवस तिथे जाऊन बस आणि रडणाऱ्या मुलाला तिथल्या बाया काय करतात ते बघ. नर्सरी पुढच्या जूनला. तेव्हा तो साडेतीनचा असेल, आणि पहिलीत जाईल तेव्हा साडेसहाचा. यंदा घातलंस तर साडेपाचचा. ते एक वर्ष त्याचं आहे, शाळेचं नाही."

"आणि जागा गेली तर?"

"तर दुसरी शाळा बघू. शाळांना तोटा नाही."

ज्यांच्या घरी डिसेंबर-जानेवारीतली लेकरं आहेत, त्या सगळ्यांना हेच उत्तर लागू पडेल असं मी म्हणणार नाही. काही मुलं अडीचलाच माणसांत रमतात. काही घरांत पाळणाघराची ऐपत नसते, तिथे चांगली अंगणवाडी हे फार मोठं वरदान आहे. एवढंच करा, की ठरवताना कुणाच्या सोयीसाठी ठरवतोय ते स्वतःशी खरं बोला. सोय बघणं पाप नाही. तिला मुलाचं हित म्हणून खपवलं की मग मुलाच्या पाठीवरचं दप्तर आपल्याला दिसेनासं होतं.

फोन ठेवण्याआधी लेकीने मोबाइलचा कॅमेरा नातवाकडे वळवला. मी म्हटलं, "बाळा, हात असा डोक्यावरून ने बरं." त्याने नेला. टाळूपर्यंत पोचला, तिथेच त्याने स्वतःचे केस ओढले आणि खदखदून हसला.

कान अजून बराच लांब आहे.